फाटकाबाहेरून पारखलेले बालवर्ग

१९८६ साल. मी बेचाळीस वर्षांचा होतो आणि लातूर जिल्हा अजून चार वर्षांचा व्हायचा होता. माझ्या सायकलरिक्षातली लेकरंही त्याच वयाची. कुणी तीन, कुणी साडेतीन. जिल्ह्याला आणि लेकरांना, दोघांनाही त्या वर्षी प्यायला पाणी नव्हतं.

माझी शाळा दुसरीपर्यंत. उदगीरकडच्या आमच्या गावात मास्तर आठवड्यातून दोनदा यायचे, त्यातल्या एकदा मी जायचो. तरी हे मी स्वतः लिहिलंय, नातवाला सांगून लिहून घेतलेलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ संपादकबाईंनी बघावं. त्या लहानपणी माझ्याच रिक्षात मागच्या फळीवर बसायच्या आणि शेजारच्याला चावायच्या. परवा घरी आल्या. म्हणाल्या, "मामा, आता सहा महिन्यांच्या लेकरांचेपण क्लास निघालेत. आयांना कळत नाही कुठं पैसे घालावेत. तुम्ही तेव्हा सांगायचात ना, कोणता वर्ग बरा ते? तेच लिहा." मी म्हणालो, लिहितो, पण कात्री लावायची नाही. त्या बरं म्हणाल्या. चावायचं त्यांनी सोडलेलं दिसतं.

आधी धंदा सांगतो. सायकलरिक्षात दोन माणसं बसतात. समोर आडवी फळी ठोकली आणि पायाजवळ बाकडं टाकलं की अकरा लेकरं बसतात. बसवायची एक रीत असते. रडणारं लेकरू माझ्या पाठीशी, म्हणजे त्याला माझा सदरा धरता येतो. झोपणारं मधे, दोघांच्या कचाट्यात, म्हणजे पडत नाही. मारणारं कडेला, आणि त्याच्या शेजारी त्याच्याहून मारणारं. दप्तरं मागच्या जाळीत. पाण्याच्या पट्ट्याच्या बाटल्या हँडलला, सहा इकडं, पाच तिकडं. दुष्काळ पडल्यापासून सगळ्या वर्गांनी सांगून ठेवलं होतं की पाणी घरूनच पाठवा. त्यामुळं सकाळी जाताना हँडल लई जड लागायचं. वळणावर रिक्षा आपल्या मनानं जायची, मी नुसता बरोबर असायचो.

जिल्हा झाला तशा कचेऱ्या आल्या. कचेऱ्यांबरोबर साहेब आले, साहेबांबरोबर त्यांच्या बायका आणि लेकरं. त्या बायांनी विचारलं, इथं बालवर्ग कुठंय? गावानं आजवर बालवर्गाचं नाव ऐकलं नव्हतं, पण विचारलंय तर नाही कसं म्हणायचं? दोन वर्षांत गल्लीगल्लीत वर्ग निघाले. कुणाच्या ओसरीत, कुणाच्या गाडी नसलेल्या गॅरेजात. एक तर आडत दुकानाच्या माळ्यावर होता. खाली तुरीच्या पोत्यांची थप्पी, वर इंग्रजी गाणी. तिथली लेकरं घरी जाताना सारखी शिंकायची. मी आयांना सांगितलं, इंग्रजी येईल तेव्हा येईल, आधी दमा येईल. वर्ग सहा महिन्यांत बंद पडला. पोती अजून आहेत.

आता सगळ्या वर्गांची लेकरं मीच नेत असल्यामुळं आयांनी मलाच विचारायला सुरुवात केली. पाटी वाचून काही कळत नाही, सगळ्यांच्या पाट्या एकाच पेंटरनं रंगवलेल्या. माझ्याकडं मात्र रोजचा माल होता. कोणत्या वर्गातनं लेकरू कसं बाहेर पडतं ते मी बघायचो.

पुण्याहून आलेल्या एका इंजिनियरच्या बाईनं मला थांबवून वही काढली. "तुमच्याकडे खेळातून शिक्षण कुठे देतात?"

मी म्हणालो, "खेळ सगळीकडं हाय बाई. शिक्षणाचं मला माहीत न्हाई."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांचा अमोल मग माझ्याच रिक्षात आला. फार कमी बोलायचा, पण बोलला की कामाचं.

महसूल खात्यात एक कारकून होते. एकुलता एक मुलगा, साडेतीन वर्षांचा. त्याला सकाळी इंग्रजी वर्ग, दुपारी संस्कार वर्ग आणि पाच वाजता पेटीचा क्लास. तिन्ही ठिकाणी मीच न्यायचो, म्हणजे माझा फायदाच. लेकरू तिन्ही वेळा रिक्षात झोपायचं. एकदा मी म्हणालो, "साहेब, एक क्लास कमी करा."

"कोणता?"

"कोणताबी. झोप तेवढी राहू द्या."

ते भडकले. म्हणाले, "मामा, तुम्ही पायडल मारा. पाया आम्ही बघतो." महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी आपण होऊन सांगायला आले की पेटी बंद केली. लेकरू पेटीवर डोकं ठेवून झोपलं आणि मास्तर त्याला न उठवता भाता मारत राहिले म्हणे. एकच सूर तासभर. शेजाऱ्यांना वाटलं पोरगं तयार झालं.

तर माझी परीक्षा अशी होती. पहिलं, बाईच्या लुगड्याला मागून धूळ लागलीय का बघायचं. धूळ असली तर बाई लेकरांत खाली बसते. कोरं लुगडं म्हणजे खुर्चीवर. दुसरं, चपला. सुटल्यावर लेकराच्या पायात त्याच्याच चपला असल्या तर आत कुणीतरी जागं आहे. तिसरी परीक्षा सगळ्यात मोठी आणि ती माझी स्वतःची, दुसऱ्या कुठल्या रिक्षावाल्याला सुचली नव्हती. बाटलीचं वजन. सुटल्यावर बाटल्या हँडलला अडकवताना हाताला कळायचं. भरलेली बाटली परत आली म्हणजे लेकराला पाणी पिऊ दिलेलं नाही. पाणी प्यालं की लेकरू लघवीला जाणार, लघवीला गेलं की तिथं पाणी टाकावं लागणार, आणि पाणी कुणाकडं होतं? बहुतेक वर्गांतून बाटल्या भरल्याच परत यायच्या. रिकामी बाटली म्हणजे वर्ग चांगला.

एकाच वर्गाच्या बाटल्या रोज, न चुकता, पार रिकाम्या यायच्या.

त्या वर्गाचं नाव सांगत नाही. आज ती चार मजली इमारत आहे. तेव्हा तीन खोल्या होत्या आणि लोखंडी फाटक. फाटकावर लिहिलेलं, 'रिक्षावाल्यांनी आत येऊ नये.' मी कधी गेलो नाही. मला जायची गरजच नव्हती, मी बाहेरून ओळखायचो. पुढच्या खोलीत कूलर होता. अख्ख्या लातुरात बालवर्गात कूलर तिथंच, थंडीतसुद्धा पालकांना दाखवायला चालू. त्याची घरघर मला रस्त्यावर ऐकू यायची. प्रवेशाला गेलेल्या आया बाहेर येऊन म्हणायच्या, आत कसं गार वाटतं. मी सांगून सांगून एकेक लेकरू तिथं घातलं, आणि सहा महिन्यांत माझ्या रिक्षातली दहाच्या दहा लेकरं त्याच वर्गाची झाली. मला एकच फाटक, एकच खेप. हे सोयीचं होतं हे मी कबूल करतो. पण बाटल्याही खऱ्याच रिकाम्या होत्या.

संक्रांत झाल्यावर शेवंता आली. अकरावी जागा तिच्या लेकीची.

शेवंताचा नवरा नव्या कचेरीत शिपाई, ती डाळमिलवर डाळ निवडायला जायची. माहेर हिमायतनगरकडचं, त्यामुळं बोलण्यात तिकडचा सूर. लेक सुजाता, तीन पुरी झालेली, आईचा पदर धरून माझ्या घंटीकडं बघत होती.

"मामा, तुम्ही सगळ्या वर्गांची लेकरं नेऊन राहिले म्हणतात. मला एकच सांगा. एका वर्गाचे पैसे मी वर्षभर डाळ निवडून बाजूला टाकले. चुकला तर दुसऱ्यांदा भरणं होत न्हाई माझ्याच्यानं."

"राहायला कुठं?"

"विहाराच्या समोर. तिथं बालवाडी हाय, अनसूयाबाईची. फुकट हाय. पर..." ती थांबली. "बरी हाय का हो ती?"

मी म्हणालो, "तिथं काय, सरकारी सुकडी खायची अन् घरी यायचं."

हे मी लगेच म्हणालो. आता खरं सांगतो. ती बालवाडी मी एकदाही बघितली नव्हती. विहाराच्या लगतच्या खोलीत भरते एवढंच ठाऊक. शेवंताच्या दारापासून वीस पावलं असेल. वीस पावलांना रिक्षा लागत नाही, म्हणून इतक्या वर्षांत कुठल्याही आईला मी त्या बालवाडीचं नाव सांगितलं नव्हतं. आणि ती बौद्धवाड्यात होती हेही एक. ते मी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

शेवंताला माझं बोलणं पटायलाच हवं होतं, कारण तिच्या मनात तेच होतं. म्हणाली, "माझं बी तेच म्हणणं. तिथं वस्तीतली सगळीच जातात. माझी लेक साहेबांच्या लेकरांच्या रांगेत बसली पाहिजे. उद्या मोठी झाली तर तिला त्यांची भीती न्हाई वाटायची."

"मग कूलरच्या वर्गात घाल."

तिनं घातली. लाल बाटली घेतली, पट्ट्याची. पहिल्या दिवशी सुजाताला माझ्या पाठीशी बसवलं, पण ती रडली नाही. माझा सदरा मात्र तिनं धरला, आणि रोज धरायची.

होळी झाली आणि ऊन असं पडलं की रस्त्यावरचं डांबर टायरला चिकटायला लागलं. टँकर चार दिवसांनी यायचा. सुटल्यावर घरी जाताना लेकरं म्हणायची, "मामा, पाणी." एक नाही, अकराच्या अकरा. मी रिक्षा सावलीला उभी करायचो आणि माझ्या छागलीतून, म्हणजे कापडी पिशवीतून, सगळ्यांना घोटघोट द्यायचो. रोज. मला वाटायचं छागलीचं पाणी गार असतं म्हणून मागतात. मी घरी बायकोला सांगायचोसुद्धा, की साहेबांची लेकरं माझं पाणी मागून पितात. बायको म्हणायची, "घरून आणलेलं कुठं जातं त्यांचं?" मी म्हणायचो, "ते पिऊनच येतात. बाटल्या रिकाम्या असतात." बायको भाकरी थापत राहायची. तिला शाळा अजिबात नव्हती.

मार्च संपत आला असेल. एका दुपारी वर्ग सुटला, दहा लेकरं बाटल्यांवाचूनच बाहेर आली, सुजाता आली नाही. मी घंटी वाजवली. परत वाजवली. आतून कूलरची घरघर तेवढी. अमोल म्हणाला, "ती झोपली आहे."

"कुठं?"

"कूलरपुढे."

मी फाटकावरची पाटी बघितली. मग फाटक उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या खोलीत आयाबाई कूलरच्या मागं वाकल्या होत्या. हातात लाल बाटली, ती कूलरच्या टाकीत ओतत होत्या. खाली टोपलीत बाकीच्या दहा बाटल्या, झाकणं उघडी. समोर बाकावर सुजाता पडलेली, ओठ पांढरे, डोळे अर्धे. तिच्या अंगावर वारं मात्र चांगलं येत होतं.

वर्गाच्या मोठ्या बाई खुर्चीवरून उठल्या. म्हणाल्या, "जरा ऊन लागलंय हो तिला. म्हणून इथं गारव्याला झोपवलं."

"लेकरांचं पाणी ह्यात ओतता?"

"अहो, टँकर चार दिवसांनी येतो. आम्ही आणायचं कुठून? मधल्या सुट्टीत अर्धा अर्धा पेला देतो की सगळ्यांना. कूलर बंद पडला तर पालक काय म्हणतील?" मग त्यांना आठवलं. "तुम्ही आत कसे आलात?"

सुजाताला उचललं. तापलेल्या तव्यासारखं अंग, आणि वजन म्हणाल तर दप्तराएवढं. बाकड्यावर दोन लेकरांच्या मांडीवर तिला आडवं घातलं आणि रिक्षा दवाखान्याकडं वळवली. हँडल हलकं होतं, त्यामुळं लवकर पोचलो.

वाटेत मी मागं न बघता विचारलं, "तुमचं पाणी रोज ओततात?"

"रोज," तीन-चार जण एकदम म्हणाले.

"मग मला सांगितलं कामून न्हाई?"

अमोल म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही."

डॉक्टरांनी सुजाताला बघितलं. मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं द्यायला लावलं. मला म्हणाले, "लेकराला दिवसाचे काही तास पाणीच मिळत नाही. एक दिवसाचं नाही हे. वेळेवर आणलंत. आता ही नुसती पीत राहिली पाहिजे." तोवर बाहेर बाकीच्या दहांनी कंपाउंडरचा माठ संपवला. कंपाउंडर ओरडत आत आला, डॉक्टर बाहेर जाऊन माठ बघून आले आणि परत माझ्याकडं बघितलं. आणखी पुरावा कुणाला नको होता.

सुजाताजवळ कंपाउंडरला बसवून मी दहा लेकरं ज्याची त्याला पोचवली. प्रत्येक दारात सांगितलं की तुमच्या लेकराचं पाणी कूलरात जातं, वर्ग मीच सांगितला होता, आता मीच सांगतो, काढा. माफी मागितली नाही. मी आजवर कुणाची मागितलेली नाही. इंजिनियरच्या बाईंनी वही काढून काहीतरी खोडलं. कारकूनसाहेब म्हणाले, "मामा, वर्ग सोडायचा कशाला? बाटली दुप्पट मोठी देतो. कूलर तर पाहिजेच की." एका आईनं विचारलं, मग दुसरा कोणता? मी घंटी वाजवून पुढं निघालो.

मग डाळमिलवर गेलो. शेवंता सूप हातात घेऊन तशीच धावत आली, डाळ सांडत. रिक्षात बसली, सारं काही मी पायडल मारता मारता सांगितलं. दवाखान्यात सुजाता उठून बसली होती, चमच्याला तोंड उघडत होती. शेवंतानं कंपाउंडरच्या हातचा चमचा घेतला आणि स्वतः पाजायला लागली. दहा-बारा चमचे झाल्यावर तिनं मला विचारलं.

"मामा, तुम्ही आत जाऊन बघितलं व्हतं का कधी?"

"न्हाई."

"एकदा बी?"

"आज गेलो तेवढंच."

"मग कशावरनं सांगितलं मला?"

मी बाटल्यांचं सांगायला लागलो. रिकामी बाटली, भरलेली बाटली. बोलता बोलता माझं मलाच ऐकू यायला लागलं, तेव्हा थांबलो.

ती म्हणाली, "वर्षभर डाळ निवडली मी. खडा निवडायचा असला तर दाणा हातात घ्यावा लागतो, मामा. दुरून दिसत न्हाई."

मोठ्या बाईंकडं ती संध्याकाळी स्वतः जाऊन आली. भरलेली फी परत मिळत नाही असं त्यांनी पावतीवर छापलेलं दाखवलं. सुजाताची लाल बाटली मात्र परत दिली.

मी घरी गेलो. बायकोनं ताट वाढलं आणि सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "जगाला अक्कल वाटत हिंडता. आता त्या लेकराचं काय?"

"काय म्हणजे?"

"वर्ष गेलं की तिचं. पैसे गेले. आईनं आता लेकरू कुठं टाकायचं? डाळमिलच्या धुळीत घेऊन बसायचं का?"

मी म्हणालो, "समोर बालवाडी हाय."

"कशी हाय?"

मी जेवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा काढली नाही. तिला कुलूप लावून चालत निघालो. मी आलो नाही म्हणून साहेब लोकांना आपापली लेकरं घरी ठेवावी लागली. पुढं महिनाभर त्याचे बोल खाल्ले. आठ वाजता शेवंताच्या दारात होतो. सुजाता पायरीवर बसून वाटीतलं पाणी पीत होती, चेहऱ्यावर जरा कळा आली होती. शेवंतानं आधी माझ्या मागं बघितलं.

"रिक्षा कुठंय?"

"घरी."

"मग कामून आलात?"

"समोर जाऊन बसायचंय. आत. सुटेपर्यंत. तू बी चल."

"मला काय बघायचंय त्यात? मी रोज बघते इथून दारातून."

"मी बी दारातूनच बघत होतो."

ती म्हणाली, "अर्धा दिवस कालचा बुडालाच हाय. आजचा बी बुडू द्या." पदर खोचला आणि सुजाताला कडेवर घेतलं. वीसच पावलं होती. मी मोजली.

खोली पत्र्याची, पण खिडक्या तीन आणि पत्र्यावर पळाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, टाकलेल्या, त्यामुळं तापत नव्हती. वीस-बावीस लेकरं गोल बसलेली, मधे चिंचोक्यांचा ढीग. अनसूयाबाई त्यांच्यातच खाली, पन्नाशीच्या, चष्म्याला दोरा बांधलेला. आम्हाला बघून उठल्या नाहीत.

"तुम्ही कुणाचे?" त्यांनी मला विचारलं.

"हिचा रिक्षावाला."

"ही तर समोर राहते."

"व्हय."

त्यांनी पुढं विचारलं नाही. "चपला काढा अन् बसा कुठंतरी."

मी बसलो. दाराजवळ नाही, आत जाऊन पुढं बसलो, म्हणजे सगळं दिसावं. कोपऱ्यात रांजण होता, वर लाकडी झाकण, झाकणावर पितळी पेला. चिंचोके मोजायच्या आधी अनसूयाबाईंनी एकेकाला नाव घेऊन उठवलं. प्रत्येकानं एक पेला पाणी प्यायचं, मगच खाली बसायचं. एक पोरगं नको म्हणालं. बाई म्हणाल्या, "न्हाई प्यालास तर एक कोण म्हणणार? तुझ्यावाचून मोजणी अडली." ते प्यालं.

"पाणी कुठनं आणता?" मी विचारलं.

"वस्तीतली घरं पाळीनं घागर देतात. एका दिवशी दोन घरं." बाईंनी वही न बघता सांगितलं, "आजचं पाणी शेवंताचं अन् तिच्या शेजारणीचं. काल दिवेलागणीला घागर आणून दिलीय तिनं."

शेवंता भिंतीशी उभी होती. काल दवाखान्यातून आल्यावर, मोठ्या बाईंकडं जाऊन आल्यावर, पाळी होती म्हणून तिनं घागर आणून दिली होती. देताना आत बघितलं नव्हतं. दरवेळी दारात उभी राहून अनसूयाबाईंच्या हातात घागर द्यायची आणि जायची. वर्षभर.

ती तिथंच खाली बसली.

सुजाता तिच्या कडेवरून उतरली आणि रांजणाकडं गेली. पेला मोठा होता, दोन्ही हातांनी धरला. प्याली. अनसूयाबाईंकडं बघितलं. बाई म्हणाल्या, "घे की अजून." तिनं अजून घेतलं. मग लेकरांच्या गोलात दोघींच्या मधे जागा करून बसली आणि एक चिंचोका उचलून हातात धरला. कुणी तिला काही विचारलं नाही. थोड्या वेळानं शेजारच्या पोरीनं तिच्यापुढं पाच चिंचोके सरकवले.

शेवंता माझ्याकडं न बघता म्हणाली, "मामा, उद्यापासून माझ्या दारात रिक्षा आणू नका."

"न्हाई आणत."

"अन् कुणी विचारलं तर इथलं सांगा. रिक्षा लागत न्हाई ते बी सांगा."

मी हो म्हणालो.

"ओ रिक्षावाले," अनसूयाबाई म्हणाल्या, "मागं सरका जरा. लेकरांना फळा दिसंना."

मी मागं सरकलो, भिंतीला पाठ लावली, आणि बालवाडी सुटेपर्यंत उठलो नाही.